अमिनो आम्लाचे रासायनिक संश्लेषण: स्ट्रेकरची पद्धत आणि नको असलेल्या अर्ध्याचा प्रश्न

रबाळे_निवृत्त (धागाकर्ता)

प्रथिनांच्या पूरक भुकटीवरील मागच्या धाग्यात 'कारखान्यात तयार केलेले अमिनो आम्ल' (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते लहान रेणू) असा उल्लेख वारंवार आला, परंतु ते कारखान्यात नेमके कसे तयार होते यावर कोणी लिहिले नाही. माझी सारी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औद्योगिक पट्ट्यात, औषधांची मध्यवर्ती रसायने बनवणाऱ्या विभागात झाली. त्या पट्ट्यातील अनेक रासायनिक कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, तरी विषय जुना झालेला नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

१८५० साली जर्मनीतील गीसन येथे रसायनशास्त्रज्ञ लीबिगचा सहायक असलेला अडोल्फ स्ट्रेकर हा लॅक्टिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या प्रयत्नात होता. त्याने ॲसिटाल्डिहाइड आणि अमोनिया यांच्या संयुगावर हायड्रोजन सायनाइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांची क्रिया घडवली आणि त्याच्या हाती ॲलॅनिन आले. त्यावर नायट्रस आम्लाची क्रिया करून पुढे त्याने लॅक्टिक आम्लही मिळवले. परंतु इतिहासात त्याचे नाव राहिले ते वाटेतल्या थांब्यामुळे. गंमत अशी, की ॲलॅनिन हा प्रथिनांचा घटक आहे हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते. ते निसर्गात सापडण्याआधी फ्लास्कमध्ये तयार झाले होते.

क्रिया तीन टप्प्यांची आहे. अल्डिहाइड आणि अमोनिया एकत्र येऊन पाणी निघून जाते व इमाइन (कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध असलेले संयुग) तयार होते. इमाइनच्या कार्बनवर सायनाइड आयन येऊन बसतो आणि अमिनोनायट्राइल मिळते. शेवटी या नायट्राइलचे आम्लात जलअपघटन केले, की सायनाइडच्या कार्बनचा कार्बॉक्सिल गट होतो आणि त्याचा नायट्रोजन अमोनियम क्षाराच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे अमिनो आम्लातील कार्बॉक्सिलचा कार्बन सायनाइडकडून आलेला असतो आणि अमिनो गट अमोनियाकडून. उरलेला सांगाडा अल्डिहाइडचा. अल्डिहाइड बदलले की अमिनो आम्ल बदलते: फॉर्माल्डिहाइडपासून ग्लायसिन, ॲसिटाल्डिहाइडपासून ॲलॅनिन, आयसोब्युटिराल्डिहाइडपासून व्हॅलिन.

कागदावर हे इतके सरळ आहे, की पावणेदोनशे वर्षांनंतरही रसायनशास्त्रज्ञांना त्यात काम का उरले आहे, असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तर मुख्यतः एका गोष्टीत आहे. सायनाइड इमाइनवर वरून चढले काय आणि खालून चढले काय, दोन्ही वाटा सारख्याच सोप्या असतात. त्यामुळे परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेले एल आणि डी असे दोन्ही रेणू निम्मे-निम्मे मिळतात. आपल्या शरीरातील प्रथिने केवळ एल रूप वापरतात. तेव्हा अमिनो आम्ल 'बनवणे' हे कामातले सोपे अंग आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय करायचे, यावर पद्धत ठरते, किंमत ठरते आणि पुष्कळदा सांडपाण्याचे प्रमाणही ठरते. माझे हे मत कोणाला अतिशयोक्त वाटल्यास त्याने अवश्य खोडून काढावे.

नौपाड्याची_शिक्षिका

लेख वर्गात वापरता येईल असा आहे. एक भर घालते. मिळणाऱ्या अमिनो आम्लात अल्डिहाइडपेक्षा एक कार्बन जास्त असतो, हे विद्यार्थी हमखास विसरतात आणि फिनिलॲलॅनिनसाठी बेंझाल्डिहाइड लिहून मोकळे होतात. बेंझाल्डिहाइडपासून फिनिलग्लायसिन मिळेल. फिनिलॲलॅनिन हवे असल्यास फिनिलॲसिटाल्डिहाइड घ्यावे लागते. एर्लेनमायर आणि लिप यांनी १८८२ मध्ये फिनिलॲलॅनिन प्रथम तयार केले, ते याच मार्गाने.

माझा प्रश्न वेगळा आहे. सायनाइडचा एवढा व्याप करण्याऐवजी हॅलोजन असलेले आम्ल घेऊन त्यावर सरळ अमोनियाची क्रिया का करू नये? पाठ्यपुस्तकात ती पद्धत एका ओळीत संपते.

रबाळे_निवृत्त

ताई, करतात, आणि फार मोठ्या प्रमाणावर करतात. पर्किन आणि डप्पा यांनी १८५८ मध्ये ब्रोमोॲसिटिक आम्ल व अमोनिया यांपासून ग्लायसिन मिळवले होते. आज ब्रोमीनऐवजी क्लोरीन वापरतात: मोनोक्लोरोॲसिटिक आम्ल आणि अमोनिया, सोबत उत्प्रेरक म्हणून हेक्सामिन.

पाठ्यपुस्तकाच्या त्या एका ओळीत दोन अडचणी लपलेल्या आहेत. पहिली अशी, की तयार झालेले ग्लायसिन हेही एक अमाइनच असते. ते क्लोरोॲसिटिक आम्लाच्या दुसऱ्या रेणूवर हल्ला करते आणि इमिनोडायॲसिटिक आम्ल होते. तेही पुढे क्रिया करून तिसरी साखळी लावून घेते. हे टाळण्यासाठी अमोनिया भरपूर जास्त ठेवावा लागतो. दुसरी अडचण क्षाराची. प्रत्येक ७५ ग्रॅम ग्लायसिनमागे साडेत्रेपन्न ग्रॅम अमोनियम क्लोराइड तयार होते, म्हणजे एका किलोमागे सुमारे सातशे ग्रॅम. ग्लायसिन आणि हा क्षार दोघेही पाण्यात सुखाने विरघळतात. अमिनो आम्लाच्या रेणूवर एकाच वेळी धन आणि ऋण प्रभार असल्यामुळे ते टोल्युइन किंवा एथिल ॲसिटेटसारख्या द्रावकात ओढून घेता येत नाही. शेवटी मिथेनॉल घालून ग्लायसिन खाली बसवावे लागते आणि मिथेनॉल परत मिळवण्यासाठी ऊर्ध्वपातनाचा स्तंभ दिवसरात्र चालवावा लागतो. प्लँटमध्ये रिअ‍ॅक्टरपेक्षा सेंट्रिफ्यूज आणि मदर लिकरच्या (स्फटिक काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावणाच्या) टाक्या जास्त जागा व्यापतात, त्याचे कारण हे.

एका बाबतीत मात्र ग्लायसिन सुदैवी आहे. त्याच्या मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन असल्याने त्याला डी आणि एल अशी रूपेच नाहीत. उरलेल्या अर्ध्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि म्हणूनच बाजारातील ग्लायसिन आजही प्रामुख्याने रासायनिक संश्लेषणाने येते.

खाद्यमिश्रक

मी कोंबडीखाद्याच्या व्यवसायात आहे; तळोजा आणि पनवेलच्या बाजूला माल जातो. मका आणि सोयापेंड यांच्या मिश्रणात मेथिओनिन सर्वांत आधी कमी पडते, म्हणून ते वेगळे घालावे लागते, त्यानंतर लायसिन. आमच्याकडे येणाऱ्या मेथिओनिनच्या पोत्यावर 'डीएल' असे छापलेले असते आणि लायसिनच्या पोत्यावर मात्र केवळ 'एल'. आपल्या म्हणण्याप्रमाणे डी रूप निरुपयोगी असेल, तर मेथिओनिनच्या पोत्यातील निम्म्या मालाचे पैसे आम्ही वाया घालवतो काय?

जीवरसायन_ठाणे

आपला प्रश्न या धाग्याच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. पैसे वाया जात नाहीत. कोंबडीच्या यकृतात आणि मूत्रपिंडात डी-अमिनो आम्ल ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते डी-मेथिओनिनचा अमिनो गट काढून टाकते आणि कीटो आम्ल उरते. या कीटो आम्लातील मधल्या कार्बनला डावे-उजवे असे काही राहत नाही. त्यानंतर दुसरे विकर त्यावर नव्याने अमिनो गट बसवते, तो मात्र एल बाजूनेच. कोंबडी स्वतःच नको असलेल्या अर्ध्याची दुरुस्ती करून घेते, म्हणून कारखान्याने ती करण्याचे कारण नाही. माणसाच्या शरीरात डी-मेथिओनिनचा असा उपयोग बराच कमी होतो. सलाइनमधून द्यायच्या अमिनो आम्लांत त्यामुळे एल रूपच घेतात.

लायसिनची गोष्ट निराळी आहे. लायसिन आणि थ्रिओनिन यांच्या कीटो आम्लावर अमिनो गट परत बसवण्याची सोय प्राण्यांच्या शरीरात नाही. डी-लायसिन गेले ते गेलेच. रासायनिक मार्गाने डीएल-लायसिन बनवून निम्मे टाकून देण्यापेक्षा जिवाणूंकडून किण्वनाने थेट एल-लायसिन करून घेणे स्वस्त पडते, म्हणून पोत्यावर केवळ 'एल' असते. एकाच शेडमध्ये शेजारी ठेवलेल्या या दोन पोत्यांमागचे उद्योग मुळापासून वेगळे आहेत.

रबाळे_निवृत्त

उत्तम स्पष्टीकरण. मेथिओनिनच्या प्लँटची बाजू मी सांगतो, कारण स्ट्रेकरच्या कल्पनेचे सर्वांत मोठे औद्योगिक रूप तेच आहे.

प्रोपिलीनचे ऑक्सिडीकरण करून ॲक्रोलिन मिळवतात. त्यावर मिथाइल मर्कॅप्टनची क्रिया होऊन मिथाइलथायोप्रोपिऑनाल्डिहाइड तयार होते. हेच आपले अल्डिहाइड. पुढे नुसते अमोनिया व सायनाइड वापरण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडही सोबत घेतात. त्यामुळे अमिनोनायट्राइल तसेच न राहता त्याचे हायडँटोइन नावाचे पाच अणूंचे कडे तयार होते. बुखरर आणि बेर्ग्स यांच्या नावाने ही सुधारणा ओळखली जाते. हायडँटोइन पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात दाबाखाली तापवून फोडतात, पोटॅशियम मेथिओनिनेट मिळते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, की मेथिओनिनचे स्फटिक खाली बसतात. उरलेले पोटॅशियम बायकार्बोनेट तापवून पुन्हा कार्बोनेट करतात आणि ते परत पहिल्या टाकीकडे पाठवतात. या जागी कॉस्टिक सोडा व सल्फ्युरिक आम्ल वापरल्यास सोडियम सल्फेटचे डोंगर साचतात. ज्याने आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइडने उदासिनीकरण करण्याचे सुचवले, त्याला मी या उद्योगातील अत्यंत शहाणा माणूस मानतो.

कच्चा माल मात्र एकापेक्षा एक वरचढ आहे. ॲक्रोलिनने डोळ्यांतून धारा लागतात, मिथाइल मर्कॅप्टनचा कुजका वास हवेतील अत्यल्प प्रमाणातही कळतो, आणि तिसरे स्वतः हायड्रोजन सायनाइड. घणसोली-ऐरोलीसारख्या दाट वस्तीला लागून असा प्लँट आज कोणी उभारू धजणार नाही, आणि तेच योग्य आहे.

घणसोलीकर

क्षमस्व, पण सामान्य ग्राहक म्हणून विचारतो. सायनाइडपासून बनवलेले द्रव्य कोंबडीच्या खाद्यात जाते आणि ती कोंबडी आमच्या ताटात येते, हे ऐकून स्वस्थ कसे बसावे? निसर्गात असे होते काय?

जीवरसायन_ठाणे

सायनाइडचा विषारीपणा त्या मोकळ्या आयनात आहे. तो पेशीच्या श्वसनातील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला चिकटतो. जलअपघटनानंतर त्याच्या कार्बनचा कार्बॉक्सिल गट झालेला असतो आणि त्या गटातून सायनाइड पुन्हा सुटू शकत नाही. क्रिया अपुरी राहून मूळ द्रव्य शिल्लक राहिले आहे काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. स्फटिकीकरण, धुलाई आणि प्रत्येक बॅचची तपासणी त्यासाठीच असतात. तयार झालेला एल-मेथिओनिनचा रेणू सोयाबीनमधील रेणूपासून कोणत्याही उपकरणाने वेगळा ओळखता येत नाही. अपवाद फक्त कार्बनच्या समस्थानिकांचा, कारण प्रोपिलीन खनिज तेलातून येते.

निसर्गाबद्दल म्हणाल, तर १९५३ साली स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांत विजेच्या ठिणग्या पाडल्या, तेव्हा त्या पाण्यात ग्लायसिन आणि ॲलॅनिन आढळले. तेथेही आधी अल्डिहाइडे आणि हायड्रोजन सायनाइड तयार होऊन स्ट्रेकरचीच क्रिया घडते, असे त्याने दाखवले.

महापे_गुणवत्ता

मी औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. आमच्याकडे परिस्थिती उलटी आहे: आम्हाला डी रूपच हवे असते. ॲम्पिसिलिन आणि सेफालेक्सिन यांच्या बाजूच्या साखळीत डी-फिनिलग्लायसिन असते, तर ॲमॉक्सिसिलिनमध्ये डी-पॅरा-हायड्रॉक्सिफिनिलग्लायसिन.

फिनिलग्लायसिनचा जुना मार्ग बेंझाल्डिहाइडवर स्ट्रेकर क्रिया करण्याचा. मिळालेले डीएल मिश्रण कॅम्फर सल्फॉनिक आम्लात मिसळले, की डी रूपाचा क्षार कमी विरघळणारा असल्याने आधी स्फटिकरूपाने खाली बसतो. हे आम्ल कापरापासून बनते, परंतु टर्पेंटाइनपासून केलेला कापूर त्यासाठी चालत नाही, कारण तो सहसा स्वतःच डावे-उजवे मिश्रण असतो. झाडापासून मिळणारा एकाच बाजूचा कापूर लागतो. उजव्या पायाची चप्पल घालून पाहिल्याशिवाय उजवा पाय कोणता हे कळत नाही, तसा हा प्रकार आहे. उरलेले एल रूप तापवून पुन्हा डीएल करतात आणि पुढच्या बॅचमध्ये घालतात.

हायड्रॉक्सी जातीसाठी याहून देखणी युक्ती आहे. फिनॉल, ग्लायऑक्सिलिक आम्ल आणि युरिया यांपासून हायडँटोइन बनवतात. सायनाइड लागतच नाही. नंतर हायडँटोइनेज हे विकर केवळ डी हायडँटोइनचे कडे उघडते. दरम्यान त्या किंचित अल्कधर्मी द्रावणात एल हायडँटोइन आपोआप डी-एल यांमध्ये पालटत राहते. डी जसजसे संपत जाते तसतसे एल त्याची जागा भरते आणि अखेर जवळजवळ सगळाच माल डी होऊन बाहेर पडतो. 'उरलेले अर्धे' येथे उरतच नाही. धागाकर्त्यांच्या मूळ विधानाला मी या एका उदाहरणापुरती हरकत घेते.

रबाळे_निवृत्त

हरकत मान्य, किंबहुना ते उदाहरण माझ्या मुद्द्याला बळच देते, कारण तेथेही सारी बुद्धी त्या अर्ध्यावरच खर्च झाली आहे.

जिथे दोन्ही रूपे एकत्र चालतच नाहीत, असे उदाहरण डोपा या अमिनो आम्लाचे. कंपवातावर कोत्झियास या डॉक्टरांनी १९६७ मध्ये मोठ्या मात्रेत डीएल-डोपा दिले. रुग्णांना आराम पडला, पण काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. पुढे केवळ एल-डोपा वापरल्यावर निम्म्याहून कमी मात्रेत काम भागू लागले. आपल्या खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते, पण जगाची गरज बियांवर भागणारी नव्हती. मोन्सँटो या अमेरिकी कंपनीत विल्यम नोल्स यांनी व्हॅनिलिनपासून दुहेरी बंध असलेले मध्यवर्ती संयुग बनवले आणि त्यावर हायड्रोजन चढवताना ऱ्होडियमचा असा उत्प्रेरक वापरला, ज्याच्या फॉस्फीन भागालाच डावे-उजवेपण होते. त्यामुळे हायड्रोजन बहुतांशी एकाच बाजूने चढतो आणि सुमारे साडेसत्त्याण्णव टक्के रेणू एल रूपाचे मिळतात. राहिलेली उणीव स्फटिकीकरणात भरून निघते. उत्प्रेरक चिमूटभर लागतो आणि तो पुन्हा पुन्हा काम करतो. २००१ च्या नोबेल पारितोषिकात नोल्स यांचा वाटा आहे तो या कामासाठी.

उलट दिशेचा दाखला पदार्थांना चव आणणाऱ्या ग्लुटामेटचा. जपानमध्ये १९६० च्या दशकात ॲक्रिलोनायट्राइलपासून स्ट्रेकर मार्गाने ग्लुटामिक आम्ल खरोखरच कारखान्यात बनत होते आणि एल रूपाचे स्फटिक वेगळे काढण्याचे कौशल्यही त्यांनी साधले होते. तरी किण्वनापुढे ते टिकले नाही आणि १९७३ मध्ये ते बंद झाले.

एमएस्सी_विद्यार्थी

काका, मी ठाण्यातील एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकतो. प्रकल्पासाठी स्ट्रेकर पद्धतीने ॲलॅनिन तयार करण्याचा विचार आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते शक्य होईल काय?

रबाळे_निवृत्त

नाही, आणि मार्गदर्शकांनी होकार दिला तरीही करू नये. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू २५.६ अंश सेल्सिअस आहे. ठाण्यात वर्षातील बहुतेक दुपारी खोलीचे तापमान त्याहून अधिक असते, म्हणजे आम्लाचा संपर्क होताच तो द्रवरूपात न राहता थेट हवेत येतो. कारखान्यात यासाठी स्क्रबर (वायू द्रावणात शोषून घेणारे यंत्र), वायूचे संवेदक, अल्कधर्मी द्रावण राखण्याची स्वयंचलित व्यवस्था आणि प्रतिविष हाताशी असलेले प्रशिक्षित लोक असतात. महाविद्यालयातील जुन्या धुराड्याच्या (विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) भरवशावर हे करता येत नाही.

सायनाइडशिवायचा चांगला मार्ग आहे. डायएथिल ॲसिटामिडोमॅलोनेट घ्या, सोडियम एथॉक्साइडने त्याचा हायड्रोजन काढा आणि बेंझिल क्लोराइडची क्रिया घडवा. नंतर हायड्रोक्लोरिक आम्लात बराच वेळ उकळल्यास एस्टर आणि ॲसिटिल गट दोन्ही सुटतात, एक कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि डीएल-फिनिलॲलॅनिन मिळते. बेंझिल क्लोराइडही डोळ्यांना झोंबणारे आहे, तेव्हा ते धुराड्यातच हाताळावे. इथेनॉल पूर्णपणे कोरडे हवे. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या दमट हवेत बाटली उघडी राहिली, की त्यात पाणी शिरते, एथॉक्साइडचे हायड्रॉक्साइड होते आणि एस्टरच फुटू लागतो. शक्य असल्यास हा टप्पा दिवाळीनंतर ठेवा.

नौपाड्याची_शिक्षिका

आणि तयार झालेले द्रव्य डीएल आहे की एल, हे निनहायड्रिनच्या (अमिनो आम्ल ओळखण्याच्या रंगचाचणीच्या) जांभळ्या रंगावरून कळेल असे समजू नकोस. तो रंग दोघांनाही सारखाच येतो.

एमएस्सी_विद्यार्थी

धन्यवाद ताई. मग डी आणि एल वेगळे करण्याचा भागही प्रकल्पात घेता येईल काय?

महापे_गुणवत्ता

अवश्य घ्यावा, तोच भाग प्रकल्पाला वजन देईल. फिनिलॲलॅनिनवर ॲसिटिक ॲनहायड्राइडने ॲसिटिल गट बसव, द्रावणाचा पीएच सातच्या आसपास ठेव आणि ॲसिलेज विकर घाल. ते केवळ एल रूपावरचा ॲसिटिल गट काढते. आता एक मुक्त अमिनो आम्ल आहे आणि दुसऱ्यावर ॲसिटिल गट तसाच आहे. द्रावण आम्लधर्मी करून एथिल ॲसिटेटने धुतल्यास डी रूपाचे संयुग द्रावकात जाते आणि एल-फिनिलॲलॅनिन पाण्यात राहते. जपानमध्ये तानाबे कंपनीने १९६९ मध्ये हेच विकर घन आधारावर बांधून स्तंभात भरले आणि त्यातून द्रावण अखंड वाहते ठेवून एल अमिनो आम्ले काढली.

पोलॅरिमीटरवर (द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) एल-फिनिलॲलॅनिनचे विशिष्ट वलन पाण्यात सुमारे उणे ३४ अंश यायला हवे. चिन्ह पाहून गोंधळू नकोस. एल-ॲलॅनिनचे पाण्यातील वलन अधिक १.८ अंश असते आणि तरीही दोन्ही एलच आहेत. ॲलॅनिनऐवजी फिनिलॲलॅनिन निवडण्याचे हेही एक कारण: इतका लहान आकडा महाविद्यालयीन उपकरणावर खात्रीने वाचता येत नाही.

रबाळे_निवृत्त

यात एकच जोड. द्रावकात गेलेले डी रूपाचे ॲसिटिल संयुग फेकून देऊ नये. थोड्या ॲसिटिक ॲनहायड्राइडसोबत तापवल्यास त्याचे ॲझलॅक्टोन नावाचे कडे तयार होते. त्या कड्यातील हायड्रोजन सैल असल्याने डावे-उजवेपण नाहीसे होते, आणि पाणी घातल्यावर पुन्हा डीएल ॲसिटिल संयुग मिळते, जे विकराकडे परत पाठवता येते. अहवालात उतारा (प्रत्यक्ष मिळालेल्या मालाचे प्रमाण) लिहिताना पहिल्या फेरीचा आणि दुसऱ्या फेरीचा वेगळा लिहावा: २०७ ग्रॅम ॲसिटिल-डीएल-फिनिलॲलॅनिनपासून पहिल्या फेरीत जास्तीत जास्त साडेब्याऐंशी ग्रॅम एल-फिनिलॲलॅनिन मिळू शकते. वजन त्याहून अधिक भरले, तर त्यात क्षार किंवा ओलावा आहे असे समजून पुन्हा स्फटिकीकरण करावे.